अहिल्येसाठी बसले तेव्हा

चित्रकला विद्यालयात मी सव्वीस वर्षं कामाला होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत, पाहुण्यांत, सगळ्यांना माहीत होतं की मालन तिथं शिपाई आहे, झाडते, पुसते, पाणी भरते. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त अकरा वाजता वर्गाचं दार लागलं की मी हातातला झाडू कोपऱ्यात ठेवायचे आणि मधल्या लाकडी चौथऱ्यावर चढून बसायचे. भोवती वीस-पंचवीस मुलंमुली आपापले बोर्ड लावून माझं चित्र काढायची. एवढीच एक गोष्ट मी घरी सांगितली नव्हती.

विद्यालयातले आमचे मोठे सर आता निवृत्त आहेत. "मालनबाई, तुमच्या कामाबद्दल कुणी लिहीत नाही, तुम्हीच लिहा," म्हणून ते मागे लागले, म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण सातवी. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, पण आमचं बोलणं आहे तसं ठेवावं.

मी या कामात पडले ती लागले त्याच वर्षी, परीक्षेच्या दिवशी. मॉडेल म्हणून नेहमी बसणारे एक पिकल्या दाढीचे आप्पा होते, त्यांना ताप आला. मुलं कागद लावून तयार आणि समोर कुणीच नाही. सर बाहेर आले, मी जिना पुसत होते.

"मालनबाई, तासभर बसता का? नुसतं बसायचं, काही करायचं नाही."

मी म्हटलं, "काही न करता बसा म्हणून आजपातूर कुणी सांगितलं न्हाई मला. बसते की!"

तासाभरानं मी उठले तेव्हा कळलं की काही न करणं हे किती अवघड काम आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, बसायचं तर आहे. पण पंचवीस मिनिटं पापणीशिवाय काही हलवायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मग पाच मिनिटं विश्रांती, आणि पुन्हा त्याच जागी, त्याच तिरकसपणानं, पदराची तीच चुणी धरून. पाय पुन्हा तिथंच यावेत म्हणून पायांभोवती खडूची रेघ मारून ठेवतात. नजर हलू नये म्हणून भिंतीवरची एक खूण पकडायची. माझी खूण म्हणजे एक खिळा होता. त्या खिळ्याकडं बघत मी मनातल्या मनात सगळा स्वयंपाक करायचे, कांदा चिरण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत. पहिली दहा मिनिटं सोपी जातात. मग कंबर बोलायला लागते, मग खांदा. शेवटी पाय मुके होतात. उठताना घाई करायची नाही, नाहीतर माणूस तोंडावर पडतं. आधी बोटं हलवायची, मग घोटा, मग दोन्ही हातांनी पोटरी चोळायची, मग उठायचं.

लाज वाटायची का, असं लोक आता विचारतात. पहिले दोन दिवस वाटली. मग लक्षात आलं की मुलं माझ्याकडं बघतच नाहीत, ती माझ्या नाकापासून कानापर्यंतचं अंतर बघतात. आणि विद्यालयात आम्ही लुगडं-चोळीतच बसायचो, हेही सांगून टाकते.

तिथं बसते म्हणून एक कॅलेंडरवाले चित्रकार मला शोधत आले. ते देवादिकांची चित्रं काढायचे. मला वाटलं आता लक्ष्मी व्हायला मिळणार. ते म्हणाले, "बाई, तोंड नको तुमचं. हात द्या." चार दिवस मी नुसते हात वर धरून बसले, एक आशीर्वादाचा, एक नाणी सांडणारा. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात ते कॅलेंडर लागलं. तोंड गोऱ्यापान पोरीचं आणि हात माझे! तव्याचा भाजलेला डाग तेवढा त्यांनी काढून टाकला होता. दुकानदार उदबत्ती लावून त्या हातांना नमस्कार करायचा आणि मी खाली उभी राहून त्याच्याकडं साखर मागायचे. हसू यायचं, पण सांगायचं कुणाला?

सांगण्यासारखं वातावरणच नव्हतं. आमचे मालक फौंड्रीत मोल्डर होते. माणूस सरळ, कमी बोलणारा, पण गल्लीत मान असलेला. एकदा मंडईत आम्ही दोघं भाजी घेत होतो आणि एक मुलगी लांबून ओरडली, "मावशी, तुमच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं!" माझ्या हातातली वांगी खाली पडली.

मालक म्हणाले, "कसलं चित्र?"

"मी झाडताना काढलं असंल कुणीतरी. पोरं काय, दिसंल त्याचं चित्र काढत्यात."

त्यांनी मान हलवली आणि वांगी उचलून दिली. पण त्यानंतर मंडईत मी त्यांच्या दोन पावलं मागनंच चालायचे. प्रत्येक तरुण तोंडाकडं मी आधी बघून घ्यायचे, ओळखीचं निघालं तर पदर पुढं ओढायचे.

भीतीला कारणही होतं. आमच्याबरोबर हौसा म्हणून एक बाई बसायची. तिच्या दिरानं कुठल्यातरी प्रदर्शनात तिचं चित्र बघितलं, साडीतलं, साधं. त्यानं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. आठवड्याभरात तिला माहेरी धाडलं, आणि ती पुन्हा कधी आली नाही. गल्लीत बायका हौसाबद्दल बोलत होत्या तेव्हा मी तिथंच होते. एकीनं मला विचारलं, "तुमच्या कालेजातलीच ना गं ती? कसली बाई हुती?" मी म्हटलं, "मला काय म्हाईत? मी खाली झाडाय असते." असं मी बोलले. हौसा आता कुठं असते मला ठाऊक नाही. असेल तिथं तिनं हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिलं.

आता रेवतीचं सांगते. ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा बोटभर वेणीची, घाबरट मुलगी होती. पहिल्या दिवशी तिनं माझं चित्र काढलं त्यात नुसती साडी. चुण्या सगळ्या बरोबर, काठ बरोबर, पण आत माणूस नाही. सर म्हणाले, "ही साडी दोरीवर वाळत घातलीय. आत बाई कुठं आहे?" वर्ग हसला. विश्रांतीत ती जिन्यात रडत बसली होती. म्हणाली, "मावशी, अंगाकडं बघायचं नाही असंच शिकवलंय घरी. बघू कशी?" मी तिचा हात धरला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "हाड हितं हाय बघ. हितनं हात सुरू हुतो. आता बघून काढ." त्या दिवसापासून ती माझी झाली.

शिकून ती बाहेर गेली, मोठी चित्रकार झाली, आणि मी निवृत्त झाले त्याच वर्षी कोल्हापुरात परत आली. कळंब्याला तळ्याच्या बाजूला तिनं वरच्या मजल्यावर एक मोठी खोली घेतली. मला बोलावलं. भिंतीला टेकून पाच-सहा मोठी कॅनव्हास होती. पुराणातल्या बायका. पण कॅलेंडरात असतात तशा नव्हत्या. गांधारी डोळ्यांवरची पट्टी धुऊन दोरीवर वाळत घालत होती. शूर्पणखा नाकाला बँडेज बांधून दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत होती. कुंती रिकामी टोपली उशाला घेऊन झोपली होती. मी बघतच राहिले. यांची अंगं आमच्यासारखी होती. दंड ओघळलेले, टाचा भेगाळलेल्या.

"मावशी, आता अहिल्या राहिलीय," रेवती म्हणाली. "ती जमत नाहीये. सगळ्या चित्रांत ती दगडातनं उठते ती एकदम तरुण, हात जोडलेली. इतकी वर्षं दगड होऊन पडलेली बाई उठेल तेव्हा काय करेल?"

मी पटकन बोलून गेले, "आदी पोटरी चोळंल. पायाला मुंग्या आल्या असणार की!"

रेवतीनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "मावशी, तूच बस."

बसायचं म्हणजे कसं, ते तिनं अडखळत सांगितलं. पाठ उघडी, पोट उघडं, लुगडं मांडीवर जेमतेम. मी नको म्हणून घरी आले. दोन दिवस विचार केला. अठ्ठावन्न वर्षांचं हे अंग, माझ्या मुलाच्या, सागरच्या बाळंतपणात पोटावर घातलेल्या टाक्यांचा वळ, हे कुणाला बघायचं असणार? आणि कुणाला बघायचंच नसेल तर भ्यायचं कशाला? तिसऱ्या दिवशी कळंब्याच्या बसमध्ये बसले. घरी सांगितलं, "रेवतीकडं धुण्याभांड्याचं काम धरलंय."

पहिल्या दिवशी कडी लावल्यावरही मी तीनदा उठून दार बघून आले. खिडकीचा पडदा स्वतः टाचण्या लावून बंद केला. मग बसले, खाली वाकून, दोन्ही हात पोटरीवर. दीड महिना असं चाललं. रेवती काम करताना अजिबात बोलत नाही. ब्रश कॅनव्हासवर घासल्याचा आवाज तेवढा येतो. सव्वीस वर्षं मी बसले, पण कुणीतरी मला संपूर्ण बघतंय असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

चित्र पुरं झालं त्या दिवशी तिनं मला समोर उभं केलं. दगडांच्या मधे एक पिकल्या केसांची बाई बसली होती, पोटावर वळ, पोटरी चोळत. आजूबाजूला देव नाही, ऋषी नाही, कुणाचा पाय नाही. आणि तोंड माझं. कुणीतरी मधेच उठवल्यावर माणूस वैतागतं ना, तसं वैतागलेलं.

"तोंड बदलू का मावशी? तू म्हणशील तसं."

"ह्ये कुठं लागणार?"

"मुंबईला."

मुंबईत मला कोण ओळखतंय? आणि खरं सांगते, मला ते तोंड आवडलं होतं. "असू दे तसंच," मी म्हटलं.

तीन महिन्यांनी रेवती आमच्या घरीच आली, हातात आमंत्रणाची कार्डं. मुंबईचं लांबणीवर पडलं होतं, आणि तिला इथंच आठ दिवस कलादालन मिळालं होतं. "मावशी, आपल्या गावात पहिलं प्रदर्शन!" मालकांना वाकून नमस्कार केला, त्यांच्या हातात कार्ड दिलं. कार्डावर गांधारी होती, एवढं एक नशीब. मी चहा करायला आत गेले ते आधण उकळून उकळून अर्धं झालं तरी बाहेर यायचं धाडस होईना.

त्या कलादालनासमोरून आमची अर्धी गल्ली रोज जाते. सागर दूध संघात सुपरवायझर आहे. त्याची गाडी तिथनंच वळते. रात्रभर मी हिशेब घालत होते की कोण कोण येऊ शकेल, कुणाची नजर चांगली आहे, कुणाला चष्मा आहे. सकाळी पहिल्या बसनं कळंब्याला गेले.

"रेवती, तोंड काढ माझं. पाया पडते."

ती एक शब्द उलट बोलली नाही. एवढंच विचारलं, "दुसरं कुणाचं घालू?" ज्या कुणाचं घालेल त्या बाईला मी या भानगडीत ओढणार. मी नको म्हणून मान हलवली, तशी ती म्हणाली, "केस सोडते तोंडावर."

ट्यूबमधला काळा रंग तिनं पिळला. ब्रश टेकवायच्या आधी वळली. "मावशी, मुद्दाम हा काळा घेतलाय. तेलरंगात हा सगळ्यात उशिरा वाळतो. खालचं चित्र पक्कं वाळलंय. पाच-सहा दिवस वरचा थर टर्पेंटाइननं पुसता येईल, तोवर विचार कर. नंतर मात्र नाही."

मी म्हटलं, "इचार झालाय."

कपाळ गेलं, मग डोळे, मग नाक. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सुरू झालं. रेवतीनं मला दाराशी बसायला सांगितलं होतं, लक्ष ठेवायला. पहिल्या दिवशी भाषणं झाली. बाहेरगावचे एक पाहुणे अहिल्येसमोर थांबून सगळ्यांना समजावत होते की चेहरा केसांनी झाकला आहे ही या चित्रातली सगळ्यात मोठी जागा आहे, त्यात चित्रकर्तीनं फार खोलवरचं काही सांगितलं आहे. लोक माना हलवत होते. रेवती माझ्याकडं बघेना आणि मी तिच्याकडं. रविवारी गल्लीतले तिघंजण येऊन गेले. "मालनकाकू, ड्युटी हितं व्हय आता?" म्हणाले. अहिल्येसमोरून सरळ पुढं गेले. माझा पदर घामानं भिजला होता, पण कुणी ओळखलं नाही.

सोमवारी दुपारी एक म्हातारी आत आली. आजऱ्याकडची, शेतकरी घरातली. नवऱ्याला इथल्या दवाखान्यात दाखल केलं होतं आणि रिपोर्ट मिळायला वेळ होता.

"पाणी मिळंल का अक्का?"

मी पाणी दिलं. ती पंख्याखाली बसली, मग उठून चित्रं बघत फिरली. गांधारीसमोर खुदकन हसली. "बरोबर हाय की! पट्टी काय बिनधुतल्याची बांधायची व्हय?" शूर्पणखेसमोर "आई गं" म्हणाली. मग अहिल्येसमोर थांबली. बराच वेळ थांबली. उभ्या उभ्या वाकून तिनं आपली स्वतःची पोटरी चोळली.

"हिच्या पायात गोळा आलाय. मला ठावं हाय, भात लावून उठलं की असंच हुतंय. कोण म्हनायची ही?"

"अहिल्या."

"दगुड झालेली?"

"व्हय."

"मग उठलीया न्हवं आता? तोंड कशापायी झाकलंय?" ती माझ्याकडं वळली. "काय केलंय हिनं?"

"काय न्हाई केलं," मी म्हटलं.

"मग?"

ती पदरानं तोंड पुसून रिपोर्ट आणायला निघून गेली. तिचा नवरा बरा झाला का ते मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी मालक सोप्यात मटार सोलत बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. आप्पांच्या तापापासून काळ्या रंगापर्यंत. त्यांचे हात मधेच थांबले.

"किती वर्सं म्हनलीस?"

"सव्वीस."

"आन मी इचारायचो, झाडून पाय इतकं कसं दुखत्यात."

एवढं बोलले, सोललेले मटार माझ्याकडं सरकवले आणि उठून बाहेर गेले. आतल्या खोलीत सागर होता, त्याची बायको होती. सगळं ऐकून सागर बाहेर आला.

"आई, गावात मी काय सांगत आलो? माझी आई कालेजात शिपाई हाय, कष्टानं शिकवलं तिनं मला. आन तू कापडं काढून बसलीस?"

"सागर, कष्टच हुतं त्ये."

"गप बस! उद्या कुणी मोबाइलवर दावलं तर तोंड कुठं घालू मी?" त्याची बायको त्याचा दंड धरून आत न्यायला लागली, तर तिलाही त्यानं झिडकारलं. शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज आला. सागर त्याच पावली गाडी काढून निघून गेला.

मंगळवार, बुधवार घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मालक जेवायचे, ताट स्वतः धुऊन ठेवायचे, बाहेर पडायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हौसाला धाडलं तसं मला आता कुठं धाडणार? माहेरी तर कुणीच उरलेलं नाही. मी रोज कलादालनात जाऊन बसत होते, कारण घरात बसवत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी रेवतीनं अहिल्येच्या केसांना हळूच बोट लावून बघितलं. बोटाला पुसटसा काळा लागला.

"मावशी, चिकट व्हायला लागलाय. उद्या सकाळपर्यंत पुसता येईल. त्यानंतर घासायला गेलं तर खालचंही निघेल. मी काहीच म्हणत नाही. तुझं तू बघ."

मालकांचं उत्तर मिळालं असतं तर निर्णय सोपा होता. हो म्हणाले असते तर पुसलं असतं, नाही म्हणाले असते तर राहू दिलं असतं. पण ते बोलत नव्हते आणि रंग वाळत होता. त्या रात्री मला कळलं की इतकी वर्षं मी त्यांना न विचारता बसले आणि आता 'बसलेली ती मी होते' एवढं म्हणायला मात्र त्यांची परवानगी शोधते आहे.

गुरुवारी दालन दहाला उघडायचं. आम्ही नऊला आत गेलो. रेवतीनं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"मी करते," मी म्हटलं.

"हळू हं. घासायचं नाही, टिपायचं."

तिनं माझं मनगट धरून पहिली जागा दाखवली. पहिल्यांदा भुवई निघाली. मग एक डोळा. त्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी तिच्या हातातनं मनगट सोडवून घेतलं. नाक, ओठ, हनुवटी. बोळे काळे होऊन खाली पडत होते, वासानं डोकं गरगरत होतं. सुरकुत्यांत थोडा काळा राहिला. मी तिथं पुन्हा टिपायला गेले तर रेवती म्हणाली, "राहू दे. आता चांगलं दिसतंय."

मग दार उघडलं आणि मी माझ्याच चित्राच्या समोर खुर्ची टाकून बसले. तो दिवस आयुष्यात विसरणार नाही. सोमवारी शेजारची खिडकी उघडली होती, बातमी गल्लीभर पोचली होती. दुपारी गल्लीतल्या दोघी आल्या. चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं. पदर सावरत निघून गेल्या. एक अनोळखी माणूस मोठ्यानं म्हणाला, "ही कसली अहिल्या? म्हातारी हाय की! देवादिकांच्या बायका अशा दावत्यात व्हय?" त्याच्याबरोबरच्यानं मोबाइल काढला, माझं तोंड आणि चित्र एकाच फोटोत येतील असा धरला. रेवती मधे पडली, थोडी बोलाचाली झाली. मी खुर्चीवरून उठले नाही. शुक्रवारी आणखी लोक आले, पहिल्यापेक्षा जास्त. चित्र बघायला किती आणि मला बघायला किती, कुणास ठाऊक. सागरनं त्या दिवशी निरोप पाठवला की तो काही दिवस सासुरवाडीला राहणार आहे.

तो नंतर परत आला, पण अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. "पाणी दे," "गॅस संपलाय," एवढंच. त्याचा राग मला कळतो. खोटं मी सांगितलं होतं आणि ते खरं मानून चारचौघांत तो ताठ मानेनं फिरला होता. त्याला आधी सांगायला हवं होतं, तो लहान होता तेव्हाच. ही खंत राहीलच.

शनिवार शेवटचा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला मालक दारात दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाकार्याला घालतात तो. मी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पहिल्यापासून एकेक चित्र बघत आले, प्रत्येकाखालचं नाव वाचत. अहिल्येसमोर आले तेव्हा दालनात आठ-दहा माणसं होती, त्यातली दोन आमच्या गल्लीतली. ती कुजबुजायची थांबली.

मालकांनी हात पाठीमागं बांधले आणि बघत राहिले. चित्राच्या जवळ गेले, पोटावरच्या वळापाशी वाकून बघितलं, मागं सरले, पुन्हा बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. चांगलं, वाईट, काहीही. गल्लीतल्या एकानं विचारलंच, "काय दत्तूमामा, काय म्हन्तंय चित्र?"

मालक वळले. दाराजवळच्या टेबलाकडं गेले. तिथं येणाऱ्यांनी अभिप्राय लिहावा म्हणून वही ठेवलेली होती. पेन दोऱ्यानं बांधलेलं होतं, दोरा आखूड, म्हणून त्यांना बरंच वाकावं लागलं. हळूहळू, एकेक अक्षर दाबून त्यांनी लिहिलं, खाली सही केली आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

ते रस्त्यापलीकडं दिसेनासे होईपर्यंत मी थांबले. मग वहीपाशी गेले. आधीच्या पानांवर लोकांनी लांबलचक लिहिलं होतं. त्यांनी एकच ओळ लिहिली होती. स्वतःचं पूर्ण नाव, मंगळवार पेठ, कोल्हापूर, आणि त्याच्यापुढं: चित्रातल्या बाईचा नवरा.